अगं, म्हण 'अहो'

२ मार्च, सकाळी नऊ

आजपासून नोंद. थेरपीबाई म्हणाल्या, रोज एक ओळ लिहा, पेशंटची प्रगती कळते. एका ओळीत माझं भागत नाही हे त्यांना अजून ठाऊक नाही. वही दुकानातलीच. पुढून रेडिओ आहेत, मागून उलटी करून ही. कोणी वाचायची नाही.

स्थिती : हिला लकव्याचा झटका येऊन अकरा आठवडे. उजवा हात निम्मा. पाय ठीक. समजतं सगळं. (बाई म्हणतात, बरंचसं.) बोलणं शून्य. एकच आवाज, 'अं'. भुकेला अं, पाण्याला अं. मी पेपर मोठ्यानं वाचायला घेतला की जरा लांब अं.

माझं निदान : सेट मेलेला नाही, स्टेशन सुटलंय. काटा केसभर सरकला की नुसती खरखर येते आणि गिऱ्हाईक म्हणतं, रेडिओ गेला. असले गेलेले रेडिओ चाळीस वर्षं बोलते करून दिलेत. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, उघडून बघत शिकलो.

संकल्प : ३१ मार्चच्या आत ही बोलेल. पहिला शब्द, 'अहो'.

३ मार्च

थेरपीबाई म्हणाल्या, पहिला शब्द आपण ठरवायचा नसतो काका, येईल तो घ्यायचा. पोरगी चांगली आहे, पण नवखी. चव्वेचाळीस वर्षं ही मला अहो म्हणतेय. दिवसाला पन्नास धरले तरी आठ लाख होतात. आठ लाख वेळा घासलेला शब्द असा कसा पुसला जाईल?

बाईंनी आणखी एक सांगितलं. तिला नावानं हाक मारत जा, आपलं नाव माणूस लवकर ओळखतो. मी म्हटलं बरं. म्हटलं खरं. पण आमचं कधी नावावाचून अडलं नाही. मी म्हणायचो 'अगं', आतून उत्तर यायचं 'आले, आले', आणि ही हात पुसत बाहेर. तिला काही लागलं की 'अहो'. एवढ्या दोन शब्दांवर दोन मुलं, एक घर आणि एक दुकान झालं. दवाखान्याच्या फॉर्मवर हिचं नाव लिहिताना माझे कान तापले होते.

उद्यापासून नावानं.

५ मार्च

नावाचं राहिलं. पाणी गेलं होतं.

धाकटीबद्दल लिहायला हवं, कारण माझ्या पद्धतीत तिचा थोडा हात आहे. धाकटी म्हणजे आमची मुलगी, वय अठ्ठावीस. (थोरला परदेशात, फोनपुरता.) शिकली प्राणिशास्त्र, करते वटवाघळं. हिला झटका आला तेव्हा लांबची चांगली जागा सोडून इथल्या संस्थेत आली. जूनपर्यंतचं काँट्रॅक्ट. प्रयोग नीट झाला की वाढेल.

पूर्वी ती माझ्याशी हिच्यामार्फत बोलायची. बाबांना सांग, उशीर होईल. तिला सांग, छत्री ने. आता मधलं एक्सचेंजच बंद पडलं. थेट लाइन टाकतोय, पण खरखर फार.

आज जेवताना विचारलं, तुझी वटवाघळं नक्की करतात काय? तिनं चमचा खाली ठेवला. पंधरा मिनिटं बोलली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. तिचं म्हणणं असं. एका झाडावर शेकड्यांनी लटकलेली असतात, सगळा कलकलाट आपल्याला सारखाच वाटतो. पण आईला आपलं पिल्लू आवाजावरून सापडतं. पिल्लू आधी कसंही चिरकतं, मग ऐकत ऐकत आपल्या गर्दीचा सूर उचलतं. तिला बघायचंय ते हेच. दोन खोल्यांत पिल्लं ठेवलीत. एका खोलीत गर्दीचा नेहमीचा आवाज वाजवायचा, दुसरीत तोच जरा खालच्या पट्टीत. दुसऱ्या खोलीतली पिल्लं खालच्या पट्टीत बोलायला लागली, तर ती ऐकून शिकतात हे सिद्ध.

मी ताबडतोब ओळखलं. वटवाघूळ जर नुसतं ऐकून शिकतं, तर ही माझी बायको आहे.

८ मार्च

धाकटीची संस्था पाहून आलो. तिथं दिवसाढवळ्या रात्र केलेली असते. उजेडाच्या वेळा उलट्या, आत फक्त लाल दिवा. धाकटी ड्रॉपरनं कुस्करलेलं केळं भरवत होती. पिल्लू म्हणजे मूठभर, तोंड कुत्र्यासारखं, पंख बंद छत्रीसारखे. मी घरी हिला केळंच कुस्करून देतो. बोललो नाही, पण धाकटीच्याही मनात तेच आलं असावं. तिनं पिल्लाचं तोंड पुसलं ते अगदी हिचं पुसते तसं.

पिल्लांना नंबर आहेत. दुसऱ्या खोलीतल्या चार नंबरला मी घोगऱ्या म्हणायला लागलो. धाकटी म्हणाली, बाबा, नावं ठेवायची नसतात, जीव जडतो. मी म्हटलं, आमच्यात तर नावावाचूनच जडतो. हसली.

आवाज वाजवणारी दुसऱ्या खोलीतली पेटी गुंगुं करते. मी म्हटलं, घरी आण. बाहेर दुरुस्तीला दिली तर पंधरा दिवस जातील, बाप असताना कशाला? ती जरा घुटमळली. मग म्हणाली, बरं.

११ मार्च, दुपार

माझी पद्धत ठरली. तोंडी शिकवण्यात आवाज रोज बदलतो, पिल्लू गोंधळतं. म्हणून रेकॉर्डिंग. धाकटीचा जादा रेकॉर्डर आणि मोकळं कार्ड घेतलं. वीस मिनिटं बोललो, एकदाही अडखळलो नाही. अगं, म्हण 'अहो'. अगं, इकडे बघ, 'अहो'. अगं, सोपं आहे. शेवटी थोडी जागा उरली म्हणून जुन्या दुकानाला पाणी लागलं होतं ती हकिकतही सांगितली. मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे, पण उपचार म्हणजे उपचार.

पेटीही उघडली. एक सांधा सुटलेला, डाख दिला, गुंगुं बंद. संस्थेतल्या शिकलेल्यांना तीन आठवडे सापडलं नव्हतं.

टेबलावर दोन कार्डं. दिसायला जुळी. लक्षात ठेवलंय, उजवीकडचं पेटीतलं, धाकटीचं, डावीकडचं माझं. मग ऊन डोळ्यावर आलं म्हणून खुर्ची पलीकडच्या बाजूला घेतली. उजवीकडचं कार्ड पेटीत घालून पेटी बंद.

१२ मार्च

धाकटीनं विचारलं, तपासलंत ना? मी म्हटलं, चाळीस वर्षांत माझ्याकडून न तपासलेला सेट बाहेर गेलेला नाही. तिनं पेटी सायकलला बांधली आणि गेली. पाठमोरी हिच्यासारखी दिसते.

१३ मार्च

हिला पहिला पाठ. कार्ड लावलं. माझा आवाज पार फसलाय. जाड, घोगरा, घशात गुळणी धरून चार जण भांडताहेत असा. रेकॉर्डर स्वस्तातला दिसतो. पण नवल म्हणजे ही कान देऊन ऐकत होती. वीस मिनिटं हलली नाही. बंद केलं तर 'अं' म्हणाली. माझ्या कुठल्याही बोलण्याला इतकं लक्ष तिनं दिलेलं आठवत नाही.

पण उपचार भावनेवर चालत नाही. फसलेलं रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं. तोंडीच घेणार. रोज सहा पाठ.

१६ मार्च

सहापैकी तीन झाले. दोनदा ही झोपली, एकदा मी. नावाचं राहिलं, शेजारीण आलेली होती.

१९ मार्च

प्रगती! 'अं'मध्ये आज स्पष्ट 'ह' आला. तारीख ठळक केली. धाकटी म्हणाली, बाबा, आईनं जांभई दिली. जांभईतही 'ह' कुठून तरी यावाच लागतो.

२१ मार्च, दुपारी दोन

धाकटी अवेळी घरी आली. हेल्मेट न काढता पायरीवर बसली. हातात कार्ड. विचारलं, बाबा, हे काय आहे?

कॉम्प्युटरवर वाजवून दाखवलं. आधी पेटी वाजवते तसं. म्हणजे दहापट वेगानं, कारण वटवाघळांचा आवाज कार्डावर संथ करून ठेवलेला असतो. नुसती बारीक चिवचिव. कोणाला संशय यायचं कारणच नाही. मग संथ केलं. खोलीत माझा आवाज. अगं, म्हण 'अहो'. अगं, इकडे बघ.

मी म्हटलं, चांगला आलाय की आवाज.

हे म्हणायला नको होतं.

नऊ दिवस दुसऱ्या खोलीतल्या पिल्लांनी गर्दीच्या जागी मला ऐकलं. आणि हिनं त्या दिवशी ऐकली ती वटवाघळं. पिल्लांची शिकायची वेळ ठरावीक असते, ती सरली. आता पुढच्या हंगामात. धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मी पेटी लावताना तपासायला हवी होती. बाबांनी दिलीय म्हणून तपासली नाही.

मग आत जाऊन हिच्या शेजारी बसली.

२२ मार्च

नीट विचार केला. मूळ दोष खुर्चीचा. बाजू बदलली की उजव्याचं डावं होतं हे भूमिती आहे, निष्काळजीपणा नाही. दुसरं, संस्थेनं कार्डांना खूण करायला नको? तिसरं, ऊन.

रात्रीचं जेवण कोणी जेवलं नाही.

संकल्प : धाकटीच्या कामात लक्ष घालायचं नाही.

२४ मार्च

तिच्या मॅडमना भेटून आलो, कारण समजावून सांगायला. मॅडम फार सभ्य. चहा दिला, बिस्किटं दिली. म्हणाल्या, दुसरी खोली रद्द धरावी लागेल, तुमची मुलगी गुणी आहे, पण काँट्रॅक्ट माझ्या हातात नाही. मी खुर्चीची आकृती काढून दाखवली. त्यांनी ती ठेवून घेतली. धाकटीला कळलं तेव्हा ती म्हणाली, बाबा, प्लीज. एवढंच.

संध्याकाळी तिनं मला समोर बसवून एक पट्टी दाखवली. कॉम्प्युटर आवाजाचं चित्र काढतो, डोंगररांगेसारखं. माझ्या वीस मिनिटांत 'अहो' अडतीस वेळा. प्रत्येक वेळचा डोंगर वेगळा, कारण मी नीट म्हणायला जात होतो. 'अगं' एकशे त्रेचाळीस वेळा. सगळे एका साच्यातले, शेवटी टोक वर चढलेलं. ती म्हणाली, पिल्लू शिकवलेलं शिकत नाही, बाबा. ऐकलेलं शिकतं.

वाक्य चांगलं आहे. वटवाघळांना लागू असेल.

घोगऱ्याची चौकशी केली. म्हणाली, खातोय नीट.

२७ मार्च, दुपार

शेवटी नावानं हाक मारली. आधी दार लावलं. घसा साफ केला. इथं नाव लिहिणार नाही, वही दुकानाची आहे.

हिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मान वळवून दाराकडे पाहिलं, कोण बाई आलीय ते बघायला.

दार उघडलं. चहा टाकला.

३१ मार्च

मुदत आज होती. पहिल्या महिन्यात पाया तयार होतो, हे मी आधी धरलं नव्हतं. नवी मुदत ३० एप्रिल. रोज आठ पाठ.

९ एप्रिल

धाकटीला पत्र आलं. इथलं काँट्रॅक्ट वाढणार नाही. लांबच्या एका संस्थेत जागा आहे. तिथल्या वटवाघळांचा हंगाम वेगळा असतो, लगेच प्रयोग सुरू करता येईल. मोठीच संधी. मी शेजारच्या घरी सांगूनही आलो की मुलीला मोठी संधी आली. त्यांनी विचारलं, आईचं कसं व्हायचं मग? म्हटलं, मी आहे ना.

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की कशी, ते कळलं नाही.

१० एप्रिल

एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. ऊन डोळ्यावर नव्हतं. ऊन त्या खिडकीतून चारनंतर येतं आणि मी दोनला बसलो होतो. खुर्ची बदलली ती हिचा बिछाना दिसावा म्हणून. पेटीत कार्ड घालताना मी हिच्याकडे बघत होतो.

धाकटीला हे सांगावं की नाही ठरत नाही. सांगून तिचा हंगाम परत येणार नाही.

१८ एप्रिल, दुपारी साडेतीन

स्वयंपाकघरात केळं कुस्करत होतो. 'अगं.' वाटलं, शेजारीण कोणाला तरी बोलावतेय. परत 'अगं'. शेजारीण गावाला गेलीय हे मग आठवलं.

चमच्यासकट आत गेलो. ही उशीला टेकून बसलेली. दाराकडे बघून म्हणाली, अगं.

पुढचा अर्धा तास लिहिण्यासारखा नाही.

१८ एप्रिल, पाच

सावरून लिहितो. यश आलंय, असं धरायला हरकत नाही. 'अगं' म्हणजे 'अहो'च्या अलीकडचं स्टेशन. काटा जरासा सरकवायचाय.

१९ एप्रिल

थेरपीबाई टाळ्या पिटायच्या बाकी होत्या. म्हणाल्या, काका, शब्द आला! दुरुस्त करू नका. मी जराशीच दुरुस्ती केली. म्हटलं, अगं नाही, अहो. अगं, म्हण 'अहो'.

ही म्हणाली, अगं.

धाकटी दारात उभी होती. एकवीस मार्चनंतर पहिल्यांदा हसली, पोट धरून. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. भांडी सकाळीच घासलेली होती.

२२ एप्रिल

खोटं कशाला लिहू? ही सगळ्यांनाच अगं म्हणते. कपाला अगं, उशीला अगं, पंख्याला अगं. धाकटी म्हणाली, पिल्लंसुद्धा आधी असंच बडबडतात, कोणाला उद्देशून नसतं. पुढे होईल का, विचारलं. म्हणाली, माहीत नाही, बाबा. पिल्लांचं होतं.

२९ एप्रिल

धाकटी बॅग भरतेय. संध्याकाळी तिनं हिचा आवाज रेकॉर्ड केला, तिकडे ऐकायला. मी म्हटलं, चित्र काढून दाखव. नको म्हणत होती. मी हट्ट धरला. नसता धरला तर बरं झालं असतं.

वर माझा 'अगं', खाली हिचा. हिचा पुसट आणि थरथरता, पण उतरत उतरत गेलेला डोंगर तोच, आणि शेवटी टोक वर चढलेलं तसंच. नुसता शब्द नाही उचलला तिनं, माझी चालसुद्धा उचलली. धाकटी म्हणाली, टोक वर जातं ते हाक मारणाऱ्याला घाई असते म्हणून.

वीस मिनिटांच्या कार्डात एकशे त्रेचाळीस. चव्वेचाळीस वर्षांचा गुणाकार केला नाही.

मग तिला खुर्चीचं खरं कारण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, मला माहीत होतं बाबा, मॅडमनी तुमची आकृती दिली होती. त्यात तुम्ही खिडकी काढलीच नव्हती. आईचा बिछाना काढला होता.

३० एप्रिल

मुदत संपली. नवी धरली नाही.

३ मे

धाकटी गेली. निघताना हिच्या पाया पडली. ही म्हणाली, अगं. या एका माणसाला मात्र तो शब्द बरोबर लागू पडला. धाकटीनं मागे वळून पाहिलं नाही. मला म्हणाली, बाबांनो, केळी रोजची रोज आणा, काळी पडलेली देऊ नका. लहानपणी रागावली की बाबांनो म्हणायची.

लाइन थेट लागली, तेव्हा गाडी सुटली.

घोगऱ्याला त्यांनी सोडून दिलं म्हणे, बाकीच्यांबरोबर. कुठल्या तरी झाडावर असेल. त्याचं बोलणं तिथं कोणाला समजत असेल की नाही, देव जाणे.

८ मे, दुपार

संकल्प नाही. पाठ बंद केलेत. घरात दिवसभर शांत असतं. दोन माणसांना एकच शब्द येतो, आणि तो मी हल्ली म्हणत नाही.

ओट्याशी भांडी घासत होतो. आतून 'अगं'. वाटलं, पंख्याला असेल. परत 'अगं'. उशीला. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं, टोक वर चढलेलं, माझंच. तेव्हा नळ बंद केला आणि लेंग्याला हात पुसत निघालो. तोंडातून निघून गेलं ते दारात पोचल्यावर मला ऐकू आलं.

आले, आले.

हिनं बघितलं. काय हवं होतं ते कळलं नाही. बहुतेक काहीच नव्हतं. मीही पुष्कळदा उगीचच हाक मारायचो, आणि ही प्रत्येक वेळी यायची.